गेमिंग पीसीसाठी एसएसडी: वेग घ्यायचा की जागा?

आज बोलूया घरच्या गेमिंग पीसीत कोणती एसएसडी टाकायची यावर. मी बोलतोय दरेकसाहून. गोंदिया-डोंगरगड रेल्वेलाईनवरचं, छत्तीसगडच्या हद्दीजवळचं हे गाव. हाजरा फॉल बघायला कधी आला असाल तर स्टेशन ओळखीचं असेल. गावाचं नाव मुद्दाम सांगतोय, कारण एसएसडीचा हिशोब शहरात वेगळा पडतो आणि आपल्याकडे वेगळा.

आधी वेगाचं बघू. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १५० ते २०० एमबी वाचते. साटा एसएसडी ५५० एमबीपर्यंत जाते. एनव्हीएमई म्हणजे मदरबोर्डवर आडवी बसणारी ती च्युइंगगमच्या पट्टीसारखी एसएसडी. तिच्यात जेन ३ असेल तर ३,५०० एमबी, जेन ४ असेल तर ७,००० च्या आसपास, आणि जेन ५ तर १४,००० पर्यंत. आकडे ऐकून वाटतं, जेन ५ घेतली की गेम वीसपट लवकर उघडेल. तसं होत नाही, भाऊ.

का होत नाही? गेमच्या फाइली दाबून, कॉम्प्रेस करून ठेवलेल्या असतात. ड्राइव्ह त्या पटकन देतो, पण उलगडायचं काम प्रोसेसर करतो आणि खरा वेळ तिथं जातो. म्हणून हार्ड डिस्कवरून साटा एसएसडीवर आलात तर फरक डोळ्यांना दिसतो. पण साटावरून एनव्हीएमईवर बहुतेक गेममध्ये काही सेकंदच वाचतात. डायरेक्टस्टोरेज नावाचं तंत्र हे बदलू पाहतंय. २०२३ च्या जानेवारीत आलेला फोरस्पोकन हा ते वापरणारा पहिला पीसी गेम. पण ते नीट वापरणारे गेम अजून मोजकेच आहेत. आणि एक लक्षात ठेवा: एसएसडीने एफपीएस वाढत नाही, तो ग्राफिक्स कार्डाचा विषय आहे.

मग एसएसडी लागतेच का? लागते. सायबरपंक २०७७ ने २०२३ पासून किमान गरजेतच एसएसडी लिहिली. स्टारफिल्डलाही ती लागतेच.

आता आपल्या गावाकडचा हिशोब. रेड डेड रिडेम्प्शन २ ला १५० जीबी जागा लागते. बाल्डर्स गेट ३ लाही तेवढीच. तुमच्याकडे रोज २ जीबीचा मोबाईल पॅक असेल तर एवढा डेटा भरायला ७५ दिवस! फायबर असलेला शहरातला पोरगा जागा संपली की गेम उडवतो आणि रात्रीतून परत उतरवतो. आपल्याला ते परवडत नाही. एकदा आणलेला गेम ड्राइव्हवर राहिला पाहिजे.

५०० जीबीचा ड्राइव्ह विंडोजमध्ये ४६५ जीबी दिसतो. विंडोज, बाकी सॉफ्टवेअर आणि थोडी मोकळी जागा सोडली की मोठे गेम दोनच मावतात. १ टीबीचा ड्राइव्ह ९३१ जीबी दिसतो आणि त्यात चार-पाच बसतात. म्हणून माझं मत सरळ आहे: त्याच पैशात जेन ४ ची ५०० जीबी आणि जेन ३ ची १ टीबी मिळत असेल, तर डोळे झाकून १ टीबी घ्या.

घेण्याआधी मात्र स्वतःचा बोर्ड तपासा. बी४५० आणि ए५२० बोर्डांवर एम.२ स्लॉट जेन ३ चाच असतो. रायझन ५ ५६००जी असेल तर बी५५० बोर्डावरही जेन ३ चाच वेग मिळतो, कारण तो प्रोसेसरच तेवढ्यावर थांबतो. जेन ४ चा ड्राइव्ह तिथं चालेल, पण जादाचे पैसे वाया. शिवाय एम.२ आकाराच्या काही एसएसडी आतून साटा असतात. तुमचा स्लॉट कोणती घेतो ते मॅन्युअलमध्ये बघा. आणि हो, एम.२ चा तो बारका स्क्रू मदरबोर्डच्या डब्यात आहे का ते आजच शोधा. एका स्क्रूसाठी गोंदियाची गाडी धरायची वेळ येऊ नये.

डब्यावर काय वाचायचं? टीएलसी की क्यूएलसी. क्यूएलसी स्वस्त असते, पण एका दमात मोठा गेम कॉपी करायला गेलात की तिचा वेग धाडकन पडतो. टीएलसी घ्या. डीरॅम नसलेली एनव्हीएमई गेमिंगला चालते, घाबरू नका. आयुष्याचं म्हणाल तर १ टीबी टीएलसीवर बऱ्याचदा ६०० टीबीडब्ल्यू लिहिलेलं असतं. रोज ५० जीबी लिहिलं तरी १२,००० दिवस, म्हणजे बत्तीस वर्षांच्या वर.

विदर्भाचा उन्हाळा विसरू नका. ड्राइव्ह तापला की स्वतःच वेग कमी करतो. बोर्डाला हीटसिंक असेल तर लावा, खालच्या पॅडवरची प्लॅस्टिकची फिल्म आधी काढा. पावसाळ्यात लाईट जाते, तेव्हा लिहिणं चालू असेल तर डेटा खराब होऊ शकतो. जेन ५ चा विचार करत असाल तर ते पैसे आधी यूपीएसमध्ये घाला.

ऑनलाइन १६ टीबीची एसएसडी हजार-दोन हजारांत दिसली तर हात लावू नका. आत बहुतेकदा मेमरी कार्ड असतं आणि साइज खोटी दाखवलेली असते. शंका आली तर एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर चालवा, परत करायची मुदत संपायच्या आत.

शेवटची युक्ती. स्टीममध्ये २०२३ पासून एकाच वायफायवरच्या दोन पीसींमध्ये गेम थेट पाठवता येतो. गेम तुम्ही विकत घेतलेला पाहिजे, पण डेटा मित्राच्या पीसीवरून येतो, नेट पॅक जवळजवळ खर्च होत नाही. तेव्हा गोंदियाला किंवा आमगावला मित्राकडे गेलात तर पीसी सोबत न्या. आणि जायच्या आधी ड्राइव्हवर जागा आहे ना, ते बघून घ्या. भेटूया पुढच्या भागात!