पेरूगेटवर बालेवाडी

डिसेंबरातली रविवार संध्याकाळ. पुण्यात पेरूगेटजवळच्या अमृततुल्यासमोर अभ्यासिकांतून उठून आलेली पोरं चहाचे ग्लास धरून उभी आहेत. त्यांच्यात राज्यसेवेच्या तारखा, कटऑफ, खोलीचं भाडं असं काय काय चाललं आहे. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसलेल्या तिघांचा विषय मात्र फुटबॉल आहे. साठीकडे झुकलेले एक काका, पस्तिशीतली एक ताई आणि तिच्या बरोबरीचा एक दाढीवाला. ताईच्या गळ्यात केशरी मफलर आहे, त्यावरची अक्षरं विटून गेली आहेत. ती 'ऑरेंज आर्मी'तली, म्हणजे इंडियन सुपर लीगमधल्या (आयएसएल) एफसी पुणे सिटी या संघाच्या समर्थकांतली.

"ट्रेझेगे," ती म्हणते. "काका, ट्रेझेगे! युरो 2000 च्या फायनलला इटलीवर गोल्डन गोल मारणारा माणूस 2014 साली बालेवाडीच्या स्टेडियमवर आपल्यासाठी खेळत होता. मी कॉलेज संपवून नुकती नोकरीला लागले होते. पहिला पगार जर्सीवर घालवला."

"त्याच साली मुंबईनं पाच मारले तुम्हाला," दाढीवाला म्हणतो.

"पाच-शून्य. आंद्रे मोरित्झची हॅटट्रिक. तेही आठवतं."

काका हे सगळं मान हलवत ऐकतात, पण त्यांचं मन तिथं नाही. ते पुणे एफसीचे. तो संघ 2007 चा, आयएसएलच्या कितीतरी आधीचा. 'रेड लिझर्ड्‌स' म्हणजे लाल घोरपडी, हे त्याचं टोपणनाव, आणि पुण्यात घोरपड म्हटलं की सिंहगड आठवणारच. 2009-10 मध्ये पहिल्यांदा आय-लीग या देशातल्या तेव्हाच्या अव्वल स्पर्धेत उतरून थेट तिसरा क्रमांक. 2012-13 ला डेरिक परेरांच्या हाताखाली दुसरा. "चर्चिल ब्रदर्स तीन गुणांनी पुढे राहिले," काका म्हणतात. "तीन गुण, म्हणजे एक सामना! तो एक सामना कुठला, हे मी अजून शोधतोय."

मग ते ग्लासातल्या थेंबात बोट बुडवून पायरीच्या फरशीवर रेघ ओढतात. ही गोलपेटी, हा डावा कोपरा, इथं अराता इझुमी. गोलकडे पाठ करून तो चेंडू घ्यायचा आणि बचावपटू अंगावर यायच्या आत वळलेला असायचा. ते वळणं दाखवताना काका बसल्या जागी खांदा फिरवतात, ग्लास हिंदकळतो. जपानचा पासपोर्ट सोडून या माणसानं भारताचं नागरिकत्व घेतलं आणि 2013 मध्ये तो भारताकडून खेळला. "आपल्या संघातला होता तो," काका म्हणतात. त्यातला 'आपल्या' ते जरा जोरातच उच्चारतात. फरशीवरची रेघ वाळली, की पुन्हा ओढतात.

दाढीवाल्याला 2015 आठवतं. त्या मोसमात आय-लीगमध्ये पुण्याचे दोन संघ होते, पुणे एफसी आणि भारत एफसी. मैदान दोघांचं एकच, त्यामुळे बालेवाडीत चक्क पुण्याची डर्बी झाली. भारत एफसी त्याच वर्षी संपला. पुणे एफसीचा मोठा संघही तेव्हाच गुंडाळला गेला. डीएसके शिवाजीयन्स आला, 2017 ला तोही गेला. ही यादी तो भराभर सांगून टाकतो. त्यात रेंगाळावं असं कुणालाच वाटत नाही.

रेंगाळायचं असतं ते एफसी पुणे सिटीच्या 2017-18 च्या मोसमापाशी. रँको पोपोविच प्रशिक्षक, पुढे मार्सेलिनो आणि आल्फारो. कोलकात्यात जाऊन एटीकेला 4-1 हरवलं, तो नोव्हेंबर. मग 7 मार्च 2018, बालेवाडीत बंगळूरुविरुद्ध उपांत्य फेरीचा पहिला सामना. "शून्य-शून्य," ताई सांगते, "पण नव्वद मिनिटं ढोल थांबला नाही. शेवटची बस चुकली. बाणेर रस्त्यानं चालत निघालो, तरी गाणं चालूच." चार दिवसांनी बंगळूरुत त्यांच्या सुनील छेत्रीनं तीन मारले. लुकाच्या फ्री किकचा एक गोल तेवढा पुण्याच्या वाट्याला आला. आणि 2019 मध्ये संघच बंद झाला. त्याच्या जागी लीगमध्ये हैदराबाद आलं आणि 2022 ला विजेतंही झालं. "त्या रात्री मी टीव्ही लावलाच नाही," ताई म्हणते.

काखेत लक्ष्मीकांतचं राज्यघटनेवरचं जाडजूड पुस्तक धरलेला एक मुलगा मघापासून कडेला उभा राहून ऐकतो आहे. आता तो पुढे येतो. कोल्हापूरचा आहे, हे पहिल्या वाक्याला कळतं.

"ताई, संघ बंद झाला म्हणजे नेमकं काय झालं? आमच्याकडं पाटाकडील हरतंय, दिलबहार हरतंय. बंद कसं होईल?"

"मालकांनी बंद केला रे," काका म्हणतात.

"मालक?" त्याला खरंच कळलेलं नाही. "तालमीला मालक कुठला असतोय?"

मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तो तालमींत, पेठेच्या वर्गणीवर आणि पेठेच्या ईर्ष्येवर. तिथंही आता पैसा आला आहे, परदेशी खेळाडू आले आहेत, कधी शाहू स्टेडियमवर हाणामारीही होते. तरी तालीम कुणाला विकून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. पुण्यात पैसा होता, मैदान होतं, ट्रेझेगेसारखा विश्वविजेता खेळाडूसुद्धा होता. पण ज्यांनी घसा फोडून आरडाओरडा केला, त्यांना संघाच्या भवितव्याबद्दल कुणी एका शब्दानं विचारलं नाही. हा अन्याय आहे, आणि तो झाला तेव्हा शहरात फारशी हळहळही झाली नाही, याचं मला जास्त वाईट वाटतं.

मुलगा अनिकेत जाधवचं नाव काढतो. कोल्हापूरचा पोरगा, 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला.

"अरे, तो घडला आमच्या बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत!" ताई उसळून म्हणते.

"घडला असंल. पायात चेंडू आमच्याकडं आला." यावर काका खूष होऊन त्याच्यासाठी चहा सांगतात.

आता तो पायरीवर बसला आहे, लक्ष्मीकांत मांडीखाली. कोल्हापूरला सामना बघायला आल्यावर शाहू स्टेडियमवर कुठल्या बाजूला बसायचं, किती वाजता पोचायचं, सगळं सांगतो आहे. ताई मोबाइलवर स्वारगेटहून कोल्हापूरच्या पहाटेच्या गाड्या बघते आहे. ढोल चालतो का, हे तिनं आधीच विचारून घेतलं. काकांनी दिलबहार निवडलं आहे, ताईनं पाटाकडील. दोघांनीही या संघांचा एकही सामना पाहिलेला नाही, तरी कोण भारी यावरून त्यांचा आवाज इतका चढला आहे, की अमृततुल्यवाला गल्ल्यावरून मान काढून बघतो आहे.