आधी ड्रायव्हरचा पगार

स्वतःच मालक आणि स्वतःच ड्रायव्हर असलेली गाडी लोह्यात नवलाची नाही. तुळजापूरहून निघून लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड करत नागपूरकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग इथूनच जातो. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन असतं, संक्रांतीच्या सुमारास तूर येते, लातूरच्या डाळमिलांची डाळ निघत राहते. पावसाळ्यात मात्र भाडं मिळवायला ट्रान्सपोर्ट ऑफिसात खेटे घालावे लागतात. भाडं असं हंगामावर येतं आणि हप्ता दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला. माणसाची झोप उडते ती या दोहोंच्या मधे.

असे मोटरमालक भेटले की मी एकच प्रश्न विचारतो: मागच्या खेपेत किती सुटले? उत्तर बहुतेक वेळा खिशात उरलेल्या नोटांचं येतं. त्या नोटा गाडीच्या असतात, घरच्या नसतात. हे एकदा कागदावर मांडून पाहावं.

लातूरहून वाशीला डाळ नेली, रिटर्न भाडं मिळालं, जाऊन-येऊन हजार किलोमीटर झाले असं धरू. आकडे समजण्यापुरते आहेत, त्यांच्या जागी आपले घालावेत. दोन्ही बाजूंचं भाडं मिळून ५२,५०० रुपये. गाडी लिटरला चार किलोमीटर देते, म्हणजे २५० लिटर डिझेल. ९२ रुपयांनी २३,००० झाले. टोल ५,५००. दलाली, हमाली-वराई, युरिया आणि वाटेतलं जेवण मिळून ४,०००. हातात उरले २०,०००. महिन्याला अशा पाच खेपा झाल्या की एक लाख सुटले, असं वाटतं.

आता न दिसणारा खर्च. दहा टायर वीस हजारांनी दोन लाखांचे. ८०,००० किलोमीटर चालले तर या खेपेने २,५०० रुपयांचं रबर खाल्लं. ऑइल, ग्रीसिंग, दुरुस्तीला किलोमीटरमागे दोन रुपये, म्हणजे २,०००. विमा, टॅक्स, परमिट, पासिंग यांचे वर्षाचे १,२०,००० धरले तर साठ खेपांत वाटून २,०००. हप्ता ४५,०००, खेपेला ९,०००. आणि ड्रायव्हरचा पगार महिना वीस हजार, खेपेला ४,०००. बेरीज १९,५०० होते. वीस हजारांतून पाचशे रुपये उरतात. तेवढाच मालकाचा नफा.

हिशेबात ड्रायव्हरचा पगार धरायलाच माणसं विसरतात. दुसरा ड्रायव्हर ठेवला असता तर त्याला पगार दिलाच असता. मग स्वतःला का नाही? म्हणून दोन खाती असावीत. भाडं गाडीच्या खात्यात यावं. डिझेल, फास्टॅग, हप्ता, टायर तिथूनच जावेत. घरच्या खात्यात दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला वीस हजार जावेत, हंगामात जास्त नाही आणि पावसाळ्यात कमी नाही. सोयाबीनच्या दिवसांत जास्तीच्या खेपा होतात, ते पैसे गाडीच्या खात्यात पडू द्यावेत; श्रावणात तेच हप्ता भरतात. घरातल्या बाईला महिन्याचा आकडा आधीच ठाऊक असला की किराण्यावरून होणारी निम्मी भांडणं होतच नाहीत.

याच हिशेबातून आणखी एक आकडा निघतो, आणि मला तो सगळ्यांत मोलाचा वाटतो. गाडी एक दिवस नुसती उभी राहिली तर काय जातं? हप्त्याचे दिवसाला १,५००, विमा-टॅक्सचे साधारण ३३०, पगाराचे ६७०. मिळून २,५००. रात्रभर जागून, डोळ्यांवर पाणी मारत गाडी हाणली आणि एक दिवस वाचवला, तर कमाई जवळपास एवढीच. सलग सतरा तास जागा असलेला माणूस चुकतो किती, हे संशोधकांनी मोजलं आहे. त्याची चूक १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकी भरते. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. ताशी साठच्या वेगात तीन सेकंदांची डुलकी लागली तर गाडी पन्नास मीटर आपल्या मनाने जाते. पहाटे दोन ते पाच हा शरीराचा सगळ्यांत मंद वेळ, चहा-तंबाखूने तो बदलत नाही. अडीच हजारांसाठी हे करायचं का, ते गाडीत बसायच्या आधी ठरवावं. स्टिअरिंगवर झोप आलेल्या माणसाला ठरवता येत नाही.

ड्रायव्हरने पाच तासांनंतर अर्धा तास थांबावं, दिवसाला आठच तास काम करावं, असं १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा २०२५ पर्यंत सांगत होता. पण तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या धंद्यांनाच लागू होता. एका गाडीच्या मालकाला थांब म्हणणारं कुणी नाही. ई-वे बिलाची मुदत संपेल, ही धास्तीही उगाच घेतली जाते. २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो, म्हणजे पाचशे किलोमीटरच्या खेपेला तीन दिवस. त्यात दोन रात्रींची झोप बसते.

रिटर्न भाड्याची वाट पाहतानाही दिवसाच्या अडीच हजारांचा हाच आकडा वापरावा. रिकामं परतलं तरी डिझेल जळतंच, म्हणून कमी भाडं लगेच मिळत असेल तर घ्यावं. चार हजार जास्त मिळतील म्हणून दोन दिवस थांबलं तर पाच हजार गेले. जास्त टन भरून तूट काढायचा मोह धरूच नये: दहा चाकीचं पासिंग २०१८ पासून २८.५ टन आहे, आणि त्यावर गेल्यास कायद्यात २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक टनाला २,००० आहेत.

आयकराची भीती अनेकांना असते, ती मात्र विनाकारण. दहापर्यंत गाड्या असलेल्यांसाठी आयकर कायद्यात ठोक उत्पन्नाची सोय आहे. बारा टनांवरच्या गाडीचं उत्पन्न टनामागे महिन्याला १,००० रुपये धरलं जातं आणि वह्या दाखवाव्या लागत नाहीत. २८.५ टनांच्या गाडीचे वर्षाला ३,४२,००० होतात. रिटर्न भरलेलं असलं की पुढचं कर्ज मागताना हाती कागद असतो.

आणि हप्ता थकणारच असेल तर? फोन बंद करू नये. तारखेच्या आधी फायनान्सच्या ऑफिसात जावं, अडचण लेखी द्यावी, पोच घ्यावी. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करू नये, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलं आहे. एक हप्ता भरायला महिना शेकडा पाचने सावकाराकडून पैसे काढले, तर ते वर्षाला साठ टक्के पडतात. गाडीचं कर्ज त्याच्या निम्म्यानेही नसतं.

एवढं करूनही काही जणांचं मन सावरत नाही. पहाटे तीनला जाग येते आणि तोच हिशेब डोक्यात फिरतो. पोरांवर उगाच हात उचलला जातो, गाडी लावली की बाटली लागते, गणपतीला सगळी आळी जमली तरी खोलीतून बाहेर यावंसं वाटत नाही. असं दोन आठवडे चाललं तर तो दुखण्याचा भाग आहे, ताप-खोकल्यासारखाच. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. जगणं नकोसं वाटलं तर थांबूच नये, लगेच लावावा. समोर बसून बोलायचं असेल तर नांदेडचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय विष्णुपुरीत, आपल्या रोजच्या लातूर रस्त्यावरच आहे. डॉक्टरांना सुरुवातीलाच सांगावं की मी ट्रक चालवतो. काही गोळ्यांनी गुंगी येते. त्या कधी घ्यायच्या आणि किती दिवस गाडी चालवायची नाही, ते त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

शेवटचं काम अर्ध्या तासाचं आहे. गाडीच्या विम्याचे कागद काढावेत. त्यात मालक-ड्रायव्हरचा १५ लाखांचा अपघात विमा आहे का, आणि वारस म्हणून कुणाचं नाव आहे, ते पाहावं. लग्नाआधी घेतलेल्या कागदांवर अजून वडिलांचं नाव असू शकतं. हे पाहताना बायकोला शेजारी बसवावं आणि हप्त्याची तारीख, दोन्ही खाती, कुणाकडून किती भाडं येणं बाकी आहे, हे तिच्या वहीत तिच्याच हाताने लिहून घ्यावं.