हातात क्यू आहे, पण यू नाही? मग हे इंग्रजी शब्द लक्षात ठेवा

स्क्रॅबल खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. डाव संपत आलाय, पिशवीत चारदोन टाइल्स उरल्यात आणि नेमका तेव्हाच क्यू हातात येतो. चारही यू कधीच बोर्डवर लागून गेलेले असतात.

100 टाइल्समध्ये क्यू एकच असतो आणि त्याचे गुण 10. वापरला तर सोनं, नाही तर गळ्यातली धोंड. कारण डाव संपताना क्यू हातात राहिला तर तुमचे 10 गुण कापले जातात आणि दोघांच्या खेळात आधी टाइल्स संपवणाऱ्याला तेच 10 मिळतात. म्हणजे एका अक्षरापायी 20 गुणांचा फरक. चुरशीचा डाव एवढ्यावरच फिरतो.

पण क्यूमागे यू लागतोच, हे शाळेतलं गणित पूर्ण खरं नाही.

मुळात यू आला कुठून?

जुन्या इंग्रजीत क्वीन हा शब्द सी-डब्ल्यू-ई-एन असा लिहायचे. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढे फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी लॅटिनमधून आलेली क्यू-यू ही जोडी इंग्रजीत रुजवली. म्हणजे हा नियम लिहिणाऱ्यांच्या सवयीचा.

जे शब्द नंतर दुसऱ्या भाषांमधून आले, त्यांना ही सवय लागू नव्हती. अरबीत घशाच्या मागच्या बाजूने उच्चारला जाणारा एक क आहे. हिंदीत तो नुक्ता देऊन दाखवतात, मराठीत आपण सरळ साधा क करून टाकला. रोमन लिपीत या आवाजासाठी क्यू वापरायची पद्धत पडली, आणि इथेच मराठी माणसाचं काम सोपं होतं.

हे शब्द तर आपलेच!

फकीर, तलाक, बुरखा, नकाब, कव्वाली, वक्फ. हे सगळे शब्द स्क्रॅबलच्या कॉलिन्स शब्दयादीत क्यू वापरून सापडतात. फकीर म्हणजे एफ-ए-क्यू-आय-आर, तलाक म्हणजे टी-ए-एल-ए-क्यू, वक्फ म्हणजे डब्ल्यू-ए-क्यू-एफ. बुरख्यात यू आहे खरा, पण तो क्यूच्या आधी: बी-यू-आर-क्यू-ए. नकाब लिहिताना मात्र एनपुढे आय येतो: एन-आय-क्यू-ए-बी. काजीचं अरबी रूप क्यू-ए-डी-आय, तेही चालतं. कलमदानसुद्धा आहे! आठ अक्षरांचा शब्द आहे, त्यामुळे जुळून येणं कठीण, पण आलाच तर समोरचा डिक्शनरी मागवेल हे नक्की.

दोन ठिकाणी मात्र मराठी कान फसवतो. क्यू-ए-आय-डी वाचून आपल्याला कैद आठवते, पण या शब्दाचा अर्थ आहे सरदार किंवा पुढारी. कायदे-आझममधला कायद तो हाच. दुसरा शब्द क्यू-ए-एन-ए-टी. ही आपली तंबूची कनात नव्हे. हा आहे इराणमधला जमिनीखालून पाणी आणणारा बोगदा. युनेस्कोने 2016 मध्ये या इराणी बोगद्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. मलिक अंबरने पूर्वीच्या औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात बांधलेली नहर-ए-अंबरी याच धर्तीची.

आणि प्रत्येक अरबी क इंग्रजीत क्यू होतोच असं नाही. तालुका हा शब्दही अरबी मुळाचा आणि स्क्रॅबलमध्ये वैध, पण स्पेलिंगमध्ये के!

दोन अक्षरी हुकमाचा पत्ता

एकच शब्द पाठ करायचा असेल तर क्यू-आय करा. चिनी विचारातली प्राणशक्ती म्हणजे ची. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहिण्याच्या पिनयिन पद्धतीत, जी चीनने 1958 मध्ये स्वीकारली, च-सारख्या या आवाजाला क्यू दिलाय. अमेरिकेच्या स्पर्धांच्या यादीत हा शब्द 2006 मध्ये आला आणि क्यूची दहशत बरीच कमी झाली.

गंमत गुणांची आहे. स्क्रॅबलमध्ये आयच्या 9 टाइल्स असतात, त्यामुळे बोर्डवर एखादा मोकळा आय सापडतोच. समजा तिप्पट अक्षरगुणाच्या चौकोनावर क्यू असा ठेवला की आडवा आणि उभा दोन्हीकडे क्यू-आय तयार झाला. क्यूचे 30 आणि आयचा 1 असे 31 गुण, तेही दोनदा. दोन अक्षरांत 62 गुण! शिवाय पुढे एस लावून अनेकवचनही करता येतं.

बाकीचे शब्द पटापट बघू. क्यू-ए-टी ही येमेन आणि पूर्व आफ्रिकेत चघळतात ती नशेची पानं. क्यू-ओ-पी-एच हे हिब्रू अक्षराचं नाव. क्यू-आय-एन-डी-ए-आर हे अल्बेनियातलं सुटं चलन. दक्षिण आफ्रिकेतल्या एम्बकांगा संगीताच्या स्पेलिंगमध्येही, एम-बी-ए-क्यू-ए-एन-जी-ए, क्यू आहे. झुलू भाषेत हे अक्षर जिभेने टॉक् असा आवाज काढण्यासाठी वापरतात. आणि क्यू-डब्ल्यू-ई-आर-टी-वाय तर तुमच्या कीबोर्डवर समोरच आहे. पहिल्या ओळीतली पहिली सहा अक्षरं, आणि तोही वैध शब्द.

इराक आणि कतार मात्र चालणार नाहीत, कारण विशेषनामांना स्क्रॅबलमध्ये प्रवेश नाही. तसंच तुमचं अॅप कोणती यादी वापरतं ते आधी बघा. उत्तर अमेरिकेची यादी वेगळी आणि कॉलिन्सची वेगळी. वर दिलेले शब्द कॉलिन्सचे आहेत. वर्डलमध्ये यांचा फारसा उपयोग नाही, तिथलं उत्तर सहसा रोजच्या वापरातला शब्द असतो.

तरीही काहीच जुळत नसेल तर क्यू परत टाकून नवी टाइल घेता येते, पण तुमची एक खेळी जाते आणि पिशवीत निदान 7 टाइल्स शिल्लक असाव्या लागतात. त्यामुळे हा निर्णय डावाच्या मध्यावरच घेतलेला बरा.