सोळाच्या आतली समज

नऊ न्यायाधीशांनी एक खटला ऐकला. पाच जणांनी आईच्या बाजूने कौल दिला, चौघांनी विरुद्ध. तरीही आई हरली.

झालं असं. १९८० साली ब्रिटनच्या आरोग्य खात्याने डॉक्टरांसाठी एक परिपत्रक काढलं. सोळा वर्षांखालची मुलगी गर्भनिरोधकांबद्दल विचारायला आली, तर आईवडिलांना सांगायला तिचं मन वळवा. ती कशीच तयार नसेल, तर अपवाद म्हणून त्यांच्या संमतीशिवायही तिला मदत करता येईल. पाच मुली असलेल्या व्हिक्टोरिया गिलिक यांनी स्थानिक आरोग्य प्राधिकरणाकडे लेखी हमी मागितली, की माझ्या मुलींच्या बाबतीत मला विचारल्याशिवाय असं काही होणार नाही. ती मिळाली नाही, तेव्हा त्या कोर्टात गेल्या. त्यांची काळजी खरी होती, कुठल्याही आईला कळेल अशी.

पहिल्या न्यायाधीशांनी दावा फेटाळला. अपिलात तिघेही गिलिकबाईंच्या बाजूने उभे राहिले. ऑक्टोबर १९८५मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने तीन विरुद्ध दोन मतांनी तो अपिलातला निकाल उलटवला. शेवटच्या पायरीवरचं बहुमत तेवढं मोजतात, म्हणून पाच मतं पडूनही आई हरली.

थक्क व्हावं ते मात्र निकालपत्र वाचून. बहुमतातले एक न्यायाधीश लॉर्ड स्कारमन यांनी मांडलेलं सूत्र असं: पालकांचा अधिकार मुलाच्या भल्यासाठी आहे, म्हणून मुलाला त्याची गरज असेल तोवरच तो टिकतो. एखाद्या उपचाराचा अर्थ आणि परिणाम पुरते समजण्याइतकी समज मुलाला आली, की त्या उपचारापुरता निर्णय मुलाचा. त्या उपचारापुरता! म्हणजे तीच मुलगी साध्या उपचाराला स्वतः संमती देऊ शकेल, पण अवघड शस्त्रक्रियेसाठी कदाचित तिची समज पुरी पडणार नाही. अधिकाराचा हा पांगुळगाडा मूल चालू लागलं की आपोआप बाजूला व्हायचा, अमुक वाढदिवसाची वाट न बघता.

हे किती नवं होतं? त्याच देशात १८८३ साली सोळा वर्षांच्या एका मुलीला सुट्टी आईबरोबर घालवायची होती. वडील नको म्हणाले. कोर्टाने मध्ये पडायला नकार दिला. वडिलांचा शब्द अखेरचा ठरला. तिथून स्कारमनपर्यंत यायला अवघी एकशे दोन वर्षं लागली, आणि मला हे अंतर अजूनही अविश्वसनीय वाटतं.

मुलाच्या या क्षमतेला तिथले डॉक्टर आजही ‘गिलिक कॉम्पिटन्स’ म्हणतात. पण या हक्कालाही कुंपण आहे. १९९२मध्ये अ‍ॅनोरेक्सियाने खंगलेल्या सोळा वर्षांच्या मुलीने उपचार नाकारले, तेव्हा अपील कोर्टाने तिचा नकार बाजूला ठेवला. जीव धोक्यात असेल तर कोर्ट, म्हणजे राज्यसंस्था, मुलाच्या वतीने ठरवू शकतं. समजदार मुलाचा होकार पुरेसा, नकार मात्र नेहमीच पुरेसा नाही. मला हा भेद खटकतो, पण त्या मुलीचं घटत गेलेलं वजन आठवलं की न्यायाधीशांना दोष देववत नाही.

आपल्याकडे गर्भपाताच्या कायद्यात आकडा पक्का आहे: अठरा वर्षांखालच्या मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. तिची समज तिथे विचारली जात नाही. मात्र मुलाचा ताबा कुणाकडे, हा प्रश्न आला की आपला १८९० सालचा पालक व पाल्य कायदा वेगळंच बोलतो. मूल विचारपूर्वक पसंती सांगण्याइतकं मोठं असेल, तर कोर्ट ती पसंती विचारात घेऊ शकतं, असं त्याच्या सतराव्या कलमात आहे. इंग्रजी अमलातला हा कायदा, त्या वडिलांच्या निकालानंतर सातच वर्षांनी झालेला आणि अजून लागू असलेला. ‘एवढं मोठं’ म्हणजे किती वर्षांचं, हे कलमात कुठेच लिहिलेलं नाही. म्हणून आजही न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये बोलावतात, आईवडिलांना बाहेर थांबवतात आणि त्याच्याशी बोलून अंदाज घेतात.