दुसऱ्या दिवसाचे दोन दिनार

पनवेल स्टेशनच्या पुलावरून नवीन पनवेलच्या बाजूला उतरलं की जिन्याखाली थोडी कोरडी जागा सापडते. जुलैमधल्या एका सकाळी तिथे भिजक्या पुठ्ठ्यावर एक माणूस पडला होता. उजव्या पायाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर सुतळी बांधलेली. दहा पावलांवरून वास येत होता. सीएसएमटीची लोकल गाठायच्या घाईतली माणसं नाकाला रुमाल लावून वळसा घालत होती. मीही घातला. जिना चढायला लागलो तेवढ्यात मागून हाक आली, “बाळा, जरा ही छत्री धर.”

आमच्या सोसायटीतल्या मावशी होत्या. मूळच्या राहुरीकडच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून झालेली. त्या सरळ त्या माणसाशेजारी उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, “दादा, नाव काय तुमचं?” उत्तर आलं नाही. त्यांनी मला चहा आणि बिस्किटं आणायला पाठवलं. बिस्किट चहात बुडवून एकेक घास, मध्ये थांबून, पुन्हा एक. बऱ्याच दिवसांच्या उपाशी माणसाला एकदम पोटभर खायला घालायचं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. पिशवी त्यांनी सोडली नाही. नुसती वाकून पाहिली आणि म्हणाल्या, “आळ्या झाल्यात. इथे हात लावायचा नाही. 108 ला फोन कर.”

गाडी आली. ज्या दवाखान्यात नेलं तिथे पहिला प्रश्न आला, “नातेवाईक कोण?” मावशी म्हणाल्या, “आत्ता तरी मीच.” कागदावर ‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे 50’ असं लिहिलं गेलं. बऱ्याच तिष्ठण्यानंतर ड्रेसिंग झालं. जखमेत टर्पेंटाइनचे थेंब सोडले की आळ्या वर येतात, मग चिमट्याने एकेक काढतात. मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. मावशींनी त्याचा हात धरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टपाशी त्या पुन्हा भेटल्या. हातात नेलकटर, एक लुंगी, दोन बनियन आणि कंगवा. मी म्हटलं, “आज परत?” त्या म्हणाल्या, “काल दया आली म्हणून गेले होते. आज कंटाळा आलाय, म्हणून तर जायला हवं.”

त्यांच्या या वाक्यामुळे मी लूककृत शुभवर्तमानाचा दहावा अध्याय पुन्हा उघडला. दयाळू शोमरोन्याची गोष्ट बहुतेकांना ओझरती ठाऊक असते. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटारूंनी एका माणसाला मारून अर्धमेला टाकलं. मंदिराचा याजक आला, बघून पलीकडून गेला. मंदिराचाच सेवक असलेला लेवी आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला, म्हणजे यहुद्यांनी तुच्छ मानलेल्या समाजातला माणूस. तो थांबला. ही वाट सुमारे 27 किलोमीटरमध्ये जवळपास हजार मीटर खाली उतरते. वळणावळणाची, ओसाड, चोरांची. बोरघाट उतरून पनवेलला येणाऱ्याला तिचा अंदाज सहज यावा.

आपण ही गोष्ट साधारणपणे ‘तो थांबला’ इथेच संपवतो. येशूने ती तिथे संपवलेली नाही. शोमरोन्याने जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवलं, म्हणजे स्वतः चालत निघाला. उतारशाळेत आणून रात्रभर त्याची देखभाल केली. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि सांगितलं की याची काळजी घे, जास्त खर्च झाला तर परत येताना फेडीन. त्या काळी दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. म्हणजे दोन दिवसांची कमाई आणि वर एक उघडा वायदा. गोष्टीतल्या दयेचा मोठा भाग हा थांबण्याच्या नंतरचा आहे.

ही गोष्ट एका शास्त्र्याच्या प्रश्नावर सांगितलेली आहे, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याने विचारलं होतं, “माझा शेजारी कोण?” त्याला यादी हवी होती, कोणावर प्रेम करायचं आणि कोणाला वगळलं तरी चालेल याची. येशूने गोष्ट सांगून प्रश्नच उलटा केला. पडलेल्या माणसाचा शेजारी कोण झाला, असं त्याने विचारलं. ख्रिस्ती माणसाच्या लेखी शेजारी हा भिंतीपलीकडचा कुणी नसतो, शेजारी आपण व्हायचं असतं. आणि ज्याच्यासाठी व्हायचं, त्याची जात, धर्म, गाव या गोष्टीत कुठेच सांगितलेलं नाही. लुटारूंनी त्याचे कपडेही काढून नेले होते. ओळखायला खूणच उरली नव्हती.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. रामेश्वराला न्यायची गंगेची कावड संत एकनाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. तापल्या वाळूत रडणारं, अस्पृश्य मानलेल्या आईचं पोर नाथांनी कडेवर घेतलं, तीही. रेव्हरंड ना. वा. टिळक म्हणत की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी आलो. पूल आधीपासून बांधलेला होता, एवढंच मला इथे म्हणायचं आहे.

जिन्याखालच्या त्या माणसासारखी माणसं पनवेलला इतकी का सापडतात, याचं उत्तर नकाशात आहे. हार्बर लाइनचं हे शेवटचं स्टेशन. कोकण रेल्वेकडे, पुण्याकडे, दिव्याकडे जाणारे मार्ग इथे मिळतात. दक्षिणेतून, उत्तरेतून येणाऱ्या लांबच्या गाड्या इथे थांबतात. शेजारी कळंबोलीला मुंबई–पुणे द्रुतगती महामार्ग सुरू होतो, गोव्याचा रस्ता इथूनच फुटतो. मन आजारी झालेला माणूस घरातून निघतो तेव्हा त्याला कुठे जायचं ते ठरलेलं नसतं. समोर आलेल्या गाडीत तो चढतो आणि गाडी रिकामी होते तिथे उतरतो. आपला पत्ता त्याला सांगता येत नाही, आपल्याला त्याची भाषा येत नाही. चार-सहा महिन्यांत केसांच्या जटा होतात, पायाला जखम होते, आणि लोक त्याला वेडा म्हणून मोकळे होतात.

अशा माणसांसाठी पनवेल तालुक्यातच एक उतारशाळा उभी राहिली. नेऱ्याकडे वांगणी गावात सील आश्रम आहे. पास्टर के. एम. फिलिप या मूळच्या केरळच्या पाळकांनी 1999 मध्ये हे काम सुरू केलं. सोशल अँड इव्हँजेलिकल असोसिएशन फॉर लव्ह या संस्थेच्या नावातली इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ‘सील’. मुंबई परिसरातल्या रस्त्यांवर आणि फलाटांवर मरायला टेकलेल्या, बेवारस माणसांना आणायचं, बरं करायचं आणि जमेल त्याला त्याच्या घरी पोचवायचं, असं हे काम. ‘रस्त्यावर कुणी मरू नये’ एवढं साधं उद्दिष्ट, आणि पेलायला किती अवघड!

अशा ठिकाणी कामाची सुरुवात आंघोळीने होते. केस कापणं, नखं काढणं, जखम धुणं, स्वच्छ कपडे. क्षयाची तपासणी, मग औषधं. गोळ्या लागू पडून मन थोडं ताळ्यावर यायला आठवडे, कधी महिने लागतात. मग एक दिवस तोंडातून एखादा शब्द निसटतो, नदीचं नाव, शाळेचं, बाजाराच्या गावाचं. त्या शब्दावरून जिल्हा शोधायचा, पोलीस ठाण्याला फोन लावायचा, गावच्या सरपंचापर्यंत पोचायचं. कधी घरच्यांनी दिवस घातलेले असतात आणि मेलेला समजलेला माणूस फोनवर बोलतो. कधी घरचे नको म्हणतात. तेव्हा तो माणूस आश्रमातच राहतो आणि त्याचं दुखणंखुपणं, म्हातारपण, सगळंच तिथे काढावं लागतं. शोमरोन्याने सांगितलेला ‘जास्तीचा खर्च’ म्हणजे हाच.

त्याच नेऱ्याजवळ कुष्ठरुग्णांसाठी उभं राहिलेलं शांतिवन आहे, ते गांधीविचारातून. तालुक्यात तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर आहे, ते समाजवाद्यांचं. दयेवर कुणा एकाची मालकी नाही. पण जो माणूस आपल्या श्रद्धेपोटी जखम धुतो, त्याला ती श्रद्धा लपवून ठेवायला सांगणंही बरोबर नाही.

इथे मनातला प्रश्न उघड बोलायला हवा. ख्रिस्ती माणसाने मदतीचा हात पुढे केला की ‘यामागे धर्मांतर असेल’ अशी कुजबुज होते. ही कुजबुज जुनी आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंच्या पुण्यातल्या शारदा सदन या विधवांच्या शाळेवर 1893 मध्ये याच मुद्द्यावरून वादळ उठलं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. टीका करणाऱ्यांची काळजी सगळीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. भुकेल्या माणसापुढे भाकरी ठेवताना अट घातली तर ती भाकरी राहत नाही, सौदा होतो. ज्या येशूने उजव्या हाताचं दान डाव्याला कळू नये अशी शिकवण दिली, त्याच्या शिष्याने तरी हा सौदा करू नये. शोमरोन्याने त्या जखमी माणसाकडून काहीही कबूल करून घेतलं नाही.

पण रमाबाईंचं पुढचं काम पाहिल्याशिवाय त्यांच्याविषयी निकाल देता येत नाही. 1896–97 च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर, निवाऱ्यांत सापडलेल्या शेकडो मुलींना व बायकांना दौंड तालुक्यातल्या केडगावला घेऊन आल्या. पुढे 1900 चा दुष्काळ आला, गुजरातेतून आणखी आल्या. त्या सुमारास केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जवळपास दोन हजार जीव होते. एवढ्या माणसांना रोज जेवायला काय घालायचं, हा खरा प्रश्न. रमाबाईंनी विहिरी खणल्या, शेती केली, माग घातले, तेलघाणा बसवला, छापखाना काढला आणि मुलींना खिळे जुळवायला शिकवलं. फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन वेगळं काढलं, आंधळ्यांना शिकवायची सोय केली. हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचं मराठी भाषांतर त्या करत होत्या, तेही याच गर्दीत. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या. मुक्ती आजही चालू आहे.

रमाबाईंना रस्त्यावरचा माणूस पुस्तकातून कळलेला नव्हता. 1874 च्या आगेमागे दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मग बहीण अन्नाविना गेली. विशीच्या आतली रमा भावासोबत हजारो मैल पायी भटकली. स्वतः पुठ्ठ्यावर झोपलेल्या माणसाला जिन्याखालचा माणूस वेगळा दिसतो.

मला वाटतं, आपल्याकडे दयेचा तुटवडा नाही. अपघात झाला की गर्दी जमते, पाणी देणारे हात पुढे येतात. आपण अडतो ते पुढच्या पायरीवर. पोलिसांचा ससेमिरा, दवाखान्याचं बिल, कोर्टाचे हेलपाटे, ही भीती खरी होती. म्हणून 30 मार्च 2016 रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. रस्ता अपघातातल्या जखमीला सद्हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. दवाखान्याला त्याला अडवून ठेवता येत नाही की पैसे मागता येत नाहीत. त्या मदतनीसाला कायदा ‘गुड समॅरिटन’ म्हणतो. लूकने लिहून ठेवलेला तो शोमरोनी असा भारताच्या कायद्यात येऊन बसला आहे.

फलाटावर भरकटलेल्या मनोरुग्णासाठीही कायदा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 चं कलम 100. असा माणूस स्वतःची काळजी घेऊ शकत नसेल तर त्याला ताब्यात घेऊन 24 तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीला नेणं आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणं हे पोलिसांचं कर्तव्य आहे. त्याला कोठडीत डांबता येत नाही. ठाण्यात जाऊन हे कलम नुसतं बोलून दाखवलं तरी फरक पडतो, हे मावशींच्या मागे फिरताना मी पाहिलं.

चौथ्या दिवशी जिन्याखालचा तो माणूस बोलला. मावशी त्याच्या डाव्या हाताची नखं काढत होत्या. तो म्हणाला, “गुंतकल.” पुन्हा एकदा, “गुंतकल.” हे गाव आंध्रातलं. वॉर्डात तेलुगू समजणारा एक जण निघाला, त्याच्याकडून थोडं बोलणं झालं. पुढे पोलिसांच्या पत्रावर त्याची एका संस्थेत सोय झाली. मावशी रविवारची उपासना आटोपून अजून अधूनमधून तिकडे जातात. डब्यात मऊ भात असतो, त्याला दात फार उरलेले नाहीत.

पनवेलच्या पुलाखाली, एसटी स्टँडवर किंवा कळंबोलीच्या सर्कलला कुणी असं पडलेलं दिसलं तर आधी नाव विचारा. मग 108 ला फोन लावा, पोलिसांसाठी 112 ला. गाडी येईपर्यंत तिथून हलू नका. आणि जमलं तर दुसऱ्या दिवशी, अर्धा तास का होईना, दवाखान्यात चक्कर मारून या.