सेप्टिक टाकीचा उपसा : यंत्र शिकावे, दर हिशेबाने लावावा



लागण, खोडवा, ठिबक, हुमणी हे आपल्या अंकाचे नेहमीचे विषय. या वेळी थोडा वेगळा विषय घेत आहे. गट बैठकांना गेलो की अलीकडे तरुण सभासद एक प्रश्न हमखास विचारतात : "साहेब, ट्रॅक्टर घरचाच आहे. गाळप संपले की दारात उभा राहतो आन् हप्ता मात्र चालूच. संडासाच्या टाक्या उपसायचा टँकर घेतला तर परवडेल का?"

परवडेल. पण यंत्र नीट शिकले आणि दर हिशेबाने लावला तरच. शेजारच्या गावात कोणी काय घेतो ते ऐकून दर सांगितला, तर धंदा तोट्यात जाईल. तोट्यातला धंदा करणारा माणूस मग दोनच ठिकाणी बचत करतो. एक तर गाळ जवळच्या ओढ्यात सोडतो, नाही तर खालचा घट्ट गाळ काढायला माणूस टाकीत उतरवतो. म्हणून हा प्रश्न पैशाचा आहे तितकाच जिवाचा आहे.

काम का वाढले?

२०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि २ ऑक्टोबर २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले. आपल्या भागात घरोघर संडास झाले. ज्यांनी दोन शोषखड्ड्यांचा संडास बांधला त्यांना टँकर लागत नाही. एक खड्डा भरला की मैला दुसऱ्याकडे वळवायचा आणि भरलेला खड्डा वर्ष-दोन वर्षे झाकून ठेवायचा, म्हणजे आत कोरडे खत तयार होते. पण पुष्कळ लोकांनी "मोठीच बांधू, पुन्हा बघायला नको" म्हणून सेप्टिक टाकी बांधली. सेप्टिक टाकी कितीही मोठी असली तरी गाळ तळाशी साठतच राहतो. दोन-तीन वर्षांनी तो काढला नाही तर गाळच पाण्याबरोबर बाहेर पडतो, शोषखड्डा बंद होतो आणि घाण गटारात येते.

वाई आणि सिन्नर या नगरपरिषदांनी २०१८ च्या सुमारास पाळीने उपसा सुरू केला. टाकी तुंबण्याची वाट न बघता दर तीन वर्षांनी प्रत्येक घरी टँकर जायचा आणि खर्च कराच्या रूपाने जमा करायचा, अशी ही पद्धत. खेडेगावात अजून टाकी तुंबली की टँकरची शोधाशोध होते.

यंत्र कसे चालते?

यात नवीन काही नाही. विहिरीवरची मोटर ज्या नियमाने पाणी ओढते, त्याच नियमाने टँकर गाळ ओढतो. पंप टँकरच्या पिंपातली हवा काढून टाकतो. आत पोकळी झाली की बाहेरच्या हवेचा दाब टाकीतला गाळ पाइपातून वर ढकलतो. पाण्यापासून वीस-पंचवीस फुटांच्या वर मोटर बसवली तर ती पाणी उचलत नाही आणि आपण तिला खालच्या पायरीवर उतरवतो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. टँकरलाही तीच मर्यादा आहे. हवेचा दाब पाण्याला फार तर दहा मीटर उचलतो. गाळ पाण्यापेक्षा जड आणि पाइप लांब, त्यामुळे प्रत्यक्षात सहा मीटर मिळाले तरी चांगले समजावे. टाकी खोलगटात आणि टँकर वरच्या रस्त्यावर असेल तर आधी उंची मोजा.

ट्रॅक्टरचा टँकर पी.टी.ओ. वर चालतो. पिंप गोल आणि दोन्ही टोकांना फुगीर असते, कारण चौकोनी पत्रा पोकळीला दबून आत जातो. म्हणून गावातल्या पाण्याच्या टँकरला पंप बसवून काम भागवू नये. पंप आणि पिंप यांच्यामध्ये पाणी अडवणारे भांडे असते. पिंप भरत आले की त्यातला गोळा वर येऊन हवेची वाट बंद करतो. हे भांडे रोज रिकामे करावे. गाळाचे पाणी पंपात शिरले तर आतल्या पट्ट्या तुटतात आणि दुरुस्तीत महिन्याची कमाई जाते.

शिकण्याचा क्रम

पहिले आठ दिवस घराघरांत जाऊ नका. शेततळ्यावर किंवा विहिरीवर स्वच्छ पाण्याने सराव करा.

१) पाइप जोडून पंप चालू करा आणि गेजचा काटा बघा. काटा चढत नसेल तर कुठेतरी हवा शिरते आहे. कपलिंगच्या रबरी वायसरपाशी कान लावला की सूं आवाज येतो.

२) पिंप किती भरले हे काचेतून बघून वेळेवर थांबायची सवय करा. काठोकाठ भरू नका.

३) ओढण्याचा दांडा उलटा फिरवला की तोच पंप हवा आत भरतो आणि पिंप रिकामे होते. दांडा फिरवण्याआधी पाइपाचे तोंड कुठे आहे ते बघा, नाही तर अंगणात सडा पडेल.

४) पंपाचे तेल रोज बघा. पंप हात लावता येणार नाही इतका तापला तर थांबवा.

यानंतर अनुभवी चालकाबरोबर दहा-बारा टाक्यांवर मदतनीस म्हणून जा. प्रत्येक टाकी वेगळी असते. कुठे झाकणावर फरशी घातलेली, कुठे दुसऱ्या कप्प्याला झाकणच नाही, कुठे चिंध्या आणि दगड भरलेले. वरचा तवंग घट्ट असेल तर लांब बांबूने वरूनच फोडावा. तळाचा गाळ निघत नसेल तर पाणी सोडून, वरूनच ढवळून पुन्हा ओढावा. सगळा गाळ खरवडून काढायची गरजही नाही. थोडा मागे राहिला तर पुढचे कुजण्याचे काम लवकर सुरू होते. घरमालकाला हे समजावून सांगा, कारण "तळ दिसला पाहिजे" हा हट्ट तोच धरतो.

टाकीत कोणीही उतरायचे नाही

विहिरीत डिझेल इंजिन चालू असताना खाली उतरू नये, हे आपल्याकडे जुन्या माणसांना माहीत आहे. सेप्टिक टाकी त्याहून घातकी. आत हायड्रोजन सल्फाइड वायू असतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाकाला वासच कळेनासा होतो. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त उतरतो आणि दोन श्वासांत कोसळतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी बसतो, आणि गाळ ढवळला की आणखी सुटतो. शिवाय मिथेन असतो, तो पेट घेतो. म्हणून कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघण्याची जुनी रीत इथे चालत नाही. बिडी-काडी लांब ठेवावी. झाकण उघडल्यावर बराच वेळ जाऊ द्यावा आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे. तरीही टाकी उतरण्यालायक होत नाही. टँकरच्या पिंपालाही हाच नियम लागू आहे. धुण्यासाठी आत शिरू नये.

अशा अपघातात बहुधा एकटा माणूस जात नाही. पहिला पडला की भाऊ किंवा सोबती त्याला काढायला उडी घेतो आणि तोही जातो. कोणी पडलाच तर मागे उतरू नका. ११२ ला फोन करा आणि अग्निशामक दलाला बोलवा.

कायदाही स्पष्ट आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ साली झाला. संरक्षक साधने आणि खबरदारीशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा असून पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. घरमालकही यातून सुटत नाही. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख रुपये ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. पिढ्यान् पिढ्या हे काम काही ठरावीक जातींच्या माथी मारले गेले आणि मेले तेही तेच. यंत्र आले आहे, तर आता हे काम अमक्याचेच ही भाषाही बंद व्हावी. टँकर चालवणे हे ट्रॅक्टर चालवण्याइतकेच इभ्रतीचे काम आहे.

दराचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. पुढचे आकडे केवळ पद्धत समजावी म्हणून धरले आहेत. आपापले आकडे घालून हिशेब करावा.

समजा, ४,००० लिटरचा टँकर कर्जाने घेतला, ट्रॅक्टर घरचा. वर्षाचा ठाम खर्च असा धरू :

टँकरचा हप्ता १,५०,००० रु.
ट्रॅक्टरची झीज व विमा ६०,००० रु.
पाइप व दुरुस्ती ४०,००० रु.
चालक व मदतनीस यांचा पगार ३,२४,००० रु.
एकूण ५,७४,००० रु.

वर्षात २०० दिवस काम आणि रोज दोन खेपा म्हणजे ४०० खेपा. एका खेपेवर १,४३५ रु. बसले. त्यात डिझेल-तेलाचे ६०० आणि गाळ प्रक्रिया केंद्रावर टाकण्याचे २०० मिळवले की २,२३५ रु. झाले. हा फक्त खर्च. १५ टक्के नफा धरला तर दर सुमारे २,५७० रु.

शेजारचा १,५०० घेतो म्हणून तुम्हीही १,५०० घेतले, तर प्रत्येक खेपेला ७३५ रु. खिशातले गेले. वर्षाला २,९४,०००. आणि खेपा ४०० ऐवजी २५० च मिळाल्या, तर नुसता खर्चच ३,०९६ रु. येतो. म्हणून आधी आपल्या दहा-पंधरा गावांत टाक्या किती आहेत ते मोजा, मग टँकर घ्या. चालकाचा पगार घरचाच मुलगा आहे म्हणून सोडू नका. शेतात आपण स्वतःची मजुरी धरत नाही आणि ऊस परवडला असे म्हणतो, ती सवय इथे नको.

दर सांगण्याआधी टाकी मोजा. लांबी, रुंदी आणि पाण्याची खोली फुटांत घेऊन गुणा, आलेल्या घनफुटांना २८ ने गुणा, म्हणजे लिटर मिळतात. ८ × ४ × ५ फुटांची टाकी १६० घनफूट, म्हणजे जवळजवळ ४,५०० लिटर. ती ४,००० लिटरच्या टँकरमध्ये एका खेपेत मावत नाही. "टाकीमागे अमुक" असा दर फोनवर सांगून बसलात तर दुसरी खेप फुकट. म्हणून दर खेपेवर सांगावा आणि आपल्या ऊस वाहतुकीसारखे अंतराचे टप्पे ठेवावेत. लांब पाइप, फरशी फोडणे, घट्ट गाळाला पाणी सोडणे याचे वेगळे पैसे आधीच चिठ्ठीवर लिहून द्यावेत.

गाळ टाकायचा कुठे?

ओढा, पाट, कॅनॉल यांत नाही. आपल्या उसातही कच्चा गाळ सोडू नये. त्यात नत्र-स्फुरद असते हे खरे, पण जंतांची अंडीही असतात आणि ती मातीत महिनोन् महिने जिवंत राहतात. त्याच सरीत उद्या ऊसतोडणी कामगार बायका-पोरांसह अनवाणी उभे राहणार आहेत. कर्नाटकात देवनहळ्ळी येथे २०१५ पासून असा गाळ प्रक्रिया केंद्रावर नेला जातो, तिथे तो वाळवून, ओल्या कचऱ्याबरोबर कुजवून मग खत होतो. आपल्याकडेही टँकर घेण्यापूर्वी जवळच्या नगरपरिषदेचे प्रक्रिया केंद्र कुठे आहे, ते बाहेरचा गाळ घेते का आणि काय आकारते, याची चौकशी करून लेखी परवानगी घ्यावी. ते अंतर आणि तो आकार दरात आलाच पाहिजे.

ज्यांच्या घरी टाकी आहे त्या सभासदांनाही एक विनंती. सर्वांत स्वस्त टँकर शोधताना त्याला दोन प्रश्न विचारा : गाळ कुठे टाकतोस, आणि तळ राहिला तर काय करतोस? "माणूस उतरवतो" असे उत्तर आले तर त्याला परत पाठवा.

टँकर घेण्याचा विचार असलेल्या सभासदांनी वरील नमुन्याप्रमाणे हिशेब कागदावर मांडून गट ऑफिसला आणावा. शेतकी खात्याचे कर्मचारी तो तपासून देतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी