शिकारी कुत्र्यांच्या तळव्यांची चिकित्सा आणि मृगयाग्रंथांतील तिचे पाठ

मृगयेवरील जुन्या ग्रंथांकडे संग्राहकांचें लक्ष जातें तें बहुधा त्यांतील चित्रांमुळें. हरणामागें धांवणारीं कुत्रीं, शिंगें फुंकणारे शिकारी, सोन्याचा वर्ख दिलेली पार्श्वभूमि, एवढें पाहून झालें म्हणजे रोगचिकित्सेचीं पानें भराभर उलटलीं जातात. बाडांच्या याद्यांत तर अशा पानांपुढें 'किरकोळ औषधें' एवढाच शेरा पडतो. हा त्या पानांवर अन्याय आहे असें आम्हांस वाटतें. शिकारी कुत्र्याचा तळवा सोलवटला, चिरला किंवा भाजला असतां काय करावें, ह्याविषयींचे जे पाठ युरोपीय मृगयाग्रंथांत आहेत त्यांचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. त्या पाठांत उपायांचा एक क्रम राखलेला आहे. तो क्रम सोडून एकेक द्रव्य सुटें काढलें, तर ग्रंथाचा अर्थ बिघडतो आणि कोणी तसा प्रयोग केल्यास मुक्या जनावरास विनाकारण क्लेश होतात, हें आमचें म्हणणें आहे.

प्रथम ज्या अवयवाविषयीं बोलावयाचें तो कसा आहे हें सांगणें अवश्य आहे. कुत्र्याच्या प्रत्येक पायाच्या जमिनीस टेकणाऱ्या चार बोटांखालीं चार लहान गाद्या असतात व त्यांच्या मागें एक मोठी गादी असते. पुढील पायांस मनगटामागें आणखी एक लहान गादी असते. कुत्र्याच्या सर्व अंगावरील त्वचेंत जाड त्वचा हीच. तिचा पृष्ठभाग बारीक सुळक्यांनीं खरखरीत झालेला असतो व आंत चरबी आणि लवचीक तंतु ह्यांची उशी असते. घामाच्या ग्रंथीही येथें असतात. पाऊल टेकतांच ही उशी पसरते व उचलतांच आखडते. म्हणूनच येथील चीर भरून यावयास उशीर लागतो, कारण प्रत्येक पावलागणिक ती नव्यानें उघडते. खोल चीर टांके घालून शिवली तरी अंगाच्या भारानें टांके फाटण्याचें भय असतें.

इजांचे प्रकारही एक नव्हेत. कठीण रानांत फार धांवल्यानें वरचा थर घासून जाणें निराळें, धारदार दगडानें चीर पडणें निराळें, तापलेल्या खडकानें फोड येणें निराळें, आणि बोटांच्या बेचक्यांत कांटा किंवा कुसळ शिरून पू होणें तर अगदींच निराळें. जुने लेखक हे भेद नेहमींच स्पष्ट करीत नाहींत. पण ते ज्या प्रकाराविषयीं मुख्यतः बोलतात तो पहिला आहे.

ह्या दुखण्याची जाणीव फार जुनी आहे. ख्रिस्तपूर्व चवथ्या शतकांतील झेनोफन ह्याच्या नांवावर चालणाऱ्या ग्रीक मृगयाग्रंथांत शिकारी कुत्र्यांचे दोष मोजतांना वाईट पायांच्या कुत्र्यांचा निराळा उल्लेख आहे. अशीं कुत्रीं मनानें कितीही धीट असलीं तरी पायांच्या वेदनेमुळें काम सोडून देतात, असें तो म्हणतो. बर्फावर कुत्रीं नेऊं नयेत, कारण बर्फ त्यांचीं नाकें व पाय जाळतो, असेंही त्यानें सांगितलें आहे. थंडीनें होणाऱ्या इजेस त्यानें दाहाचें क्रियापद योजावें हें लक्षांत घेण्याजोगें आहे. हिमानें मेलेली त्वचा व विस्तवानें मेलेली त्वचा पाहणाऱ्यास सारखीच दिसते, आणि हा लेखक पाहून लिहीत होता. रोमन लेखक व्हारो हाही राखणीच्या कुत्र्यांचे कान व बोटांच्या बेचक्या बदाम वाटून माखावयास सांगतो. पण तो उपाय माश्या, गोचीड व पिसवा ह्यांवरचा. बेचकी व गादी ह्यांची गल्लत करणाऱ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें.

मध्ययुगांत ह्या विषयावर सर्वांत अधिकारी पुरुष म्हणजे फ्वा प्रांताचा काउंट गास्तों तिसरा, ज्यास फेब्यूस म्हणत. ह्याचा जन्म इ. स. १३३१ चा व मृत्यु १३९१ चा. आपला मृगयाग्रंथ त्यानें १ मे १३८७ रोजीं लिहावयास घेतला व तो बर्गंडीचा ड्यूक फिलिप ह्यास अर्पण केला. ह्या ग्रंथाच्या चाळिसांहून अधिक हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत. त्यांत पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयांतील फ्रेंच विभागाची ६१६ क्रमांकाची प्रत सर्वांत देखणी. ती पंधराव्या शतकाच्या आरंभींची असून तींत ८७ चित्रें आहेत. कुत्र्यांच्या रोगांच्या प्रकरणावर जें चित्र आहे तें आमच्या मतें सबंध पोथींतील सर्वांत प्रामाणिक चित्र होय. त्यांत शिकार नाहीं, घोडा नाहीं, सरदार नाहीं. श्वानशाळेचे चाकर कुत्र्यांस घेऊन बसले आहेत. कोणी तोंड उघडून पाहतो, कोणी कान तपासतो, कोणी पंजा न्याहाळतो, आणि एकजण कुत्र्याचा पाय पात्रांत धरून धूत आहे. चित्रकारास पाय धुणें ही गोष्ट चित्रांत येण्याइतकी नित्याची वाटली, हाच आमच्या विषयाचा पहिला पुरावा.

फेब्यूसच्या ग्रंथाचें इंग्रजी रूपांतर यॉर्कचा ड्यूक एडवर्ड ह्यानें १४०६ ते १४१३ ह्या काळांत केलें, व कांहीं प्रकरणें स्वतःचीं घातलीं. हा गृहस्थ पुढें १४१५ मध्यें अजिंकूरच्या लढाईंत पडला. फ्रान्सांतील परंपरा मात्र छापील ग्रंथांतून पुढें चालली. झाक द्यु फुयू ह्याचा मृगयाग्रंथ १५६१ मध्यें प्वातिए येथें छापला गेला, आणि १५७५ मध्यें त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. तळव्यांच्या दुखण्याचा सविस्तर पाठ ह्या परंपरेंत सांपडतो. फ्रेंचांत अशा कुत्र्यास 'अग्रावे' म्हणतात. वरवर पाहतां हा शब्द 'जडावलेला' अशा अर्थाच्या लॅटिन शब्दाशीं जोडावासा वाटतो. पण त्याचें नातें खडीवाचक शब्दाशीं आहे, आणि रोगाच्या कारणाशीं तेंच जुळतें. खडीनें घासलेला तो 'अग्रावे'.

पाठ थोडक्यांत असा: आधीं पाय मीठ घातलेल्या पाण्यानें धुवावेत. मग अंड्यांतील बलक कडक शिर्क्यांत फेटून त्यांत खडकावर उगवणाऱ्या एका केसाळ पानांच्या वनस्पतीचा रस घालावा. त्यांत राळेची पूड व तिच्याहून अधिक काजळी मिसळावी, आणि तें सर्व कापडांत घालून पायास बांधावें.

आतां एकेका द्रव्याचा विचार करूं. मिठाच्या पाण्यानें धुणें हें आजही पहिलें पाऊल आहे. कोमट पाण्यांत थोडें मीठ घालून माती, खडे व रक्त काढून टाकावें, म्हणजे इजा केवढी आहे तेंही दिसतें. अंडें वाळलें म्हणजे त्याचा पापुद्रा धरतो व लेपास बांधणी येते. शिर्क्यांतील आम्लानें कांहीं सूक्ष्म जंतु मरतात हें खरें, परंतु उघड्या मांसास तें झोंबतें व नव्या त्वचेसही अपायकारक होतें. राळ चिकटून राहते व पाणी आंत येऊं देत नाहीं. राहतां राहिली काजळी. तींत धुराचीं तुरट द्रव्यें असल्यानें ती पृष्ठभाग आवळते. पण तिचे कण जखमेंत रुततात, आणि काजळी ही निरुपद्रवी नव्हे हें लंडनचा शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट ह्यानें धुराडीं साफ करणाऱ्यांच्या कर्करोगावरून १७७५ मध्येंच दाखवून दिलें. सबब आज कोणीही हा लेप जसाच्या तसा बांधूं नये.

पण येथेंच थांबून सर्व पाठ निकालांत काढणें हीही घाई होय. पाठाची रचना पाहा: प्रथम स्वच्छता, मग आवरण, आणि ज्याला लेप बांधला आहे तो कुत्रा धांवूं शकत नाहीं म्हणून ओघानेंच विश्रांति. ह्यांतील तुरट भाग घासलेल्या, पण न फाटलेल्या तळव्यासाठीं योग्य आहे. चिरलेल्या तळव्यासाठीं नाहीं. आजचे पशुवैद्य हेंच निराळ्या साधनांनीं करतात. धुवून, कांटा किंवा खडा काढून, न चिकटणारी पट्टी ठेवतात. बोटांच्या मध्यें कापूस घालतात, म्हणजे घामानें बेचक्या सडत नाहींत. वरून पट्टा फार न आवळतां बांधतात, भिजला कीं बदलतात, आणि कुत्र्यास तो चाटूं देत नाहींत. गादी खोल चिरली असेल, रक्त थांबत नसेल किंवा पू दिसत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां पशुवैद्याकडे नेणें हाच मार्ग.

तळवा घट्ट करण्याची गोष्ट ह्यानंतरची. तुरट द्रव्यें काय करतात हें आपल्याकडे चर्मकारांस चांगलें ठाऊक आहे. बाभळीची साल, तरवडाची साल व हिरडा ह्यांनीं कातडें कमावलें जातें तें त्यांतील तुरट द्रव्य कातड्यांतील प्रथिनांस बांधून टाकतें म्हणून. जिवंत तळव्यावर हा परिणाम केवळ वरच्या मृत थरापुरताच होतो व तो थर झिजला कीं संपतो. अरबस्तानांतील लोक आपल्या सलूकी जातीच्या शिकारी कुत्र्यांच्या पायांस मेंदी लावतात, त्यांतही हेतु शोभेपुरता नसून तळवे टणक व्हावेत हा असतो. मेंदीचा रंग त्वचेच्या शृंगद्रव्यास धरून बसतो हें आपल्या घरांतील बायकांस निराळें सांगावयास नको. परंतु खरें घट्टपण बाहेरून येत नाहीं. जमिनीचें घर्षण थोडथोडें वाढवीत नेलें म्हणजे त्वचा आपण होऊन जाड थर घालते. आज मऊ मातीवर, कांहीं दिवसांनीं मुरुमावर, पुढें खडकाळ रानांत, असा क्रम ठेवावा लागतो, आणि जखम पुरती भरून आल्याशिवाय त्यास आरंभ करतां येत नाहीं. फार वेळ भिजलेला तळवा पुन्हां मऊ पडतो. उलट फार कोरडा व कठीण झालेला तळवा भेगाळतो. आणखी एक गोष्ट ध्यानांत असावी. श्वानांच्या डिस्टेंपर नांवाच्या सांथीच्या रोगांत तळवे अवाजवी जाड व कठीण होतात, इतके कीं 'कठीण गादीचा रोग' ह्या नांवानेंही तो ओळखला जात असे. तेव्हां टणक तळवा म्हणजे निरोगी तळवा, असें समीकरण मांडतां येत नाहीं.

गादीचें महत्त्व राजसत्तेनेंही ओळखलें होतें, तें उलट्या हेतूनें. इंग्लंडांतील राजाच्या रानांत राहणाऱ्या रयतेच्या कुत्र्यांनीं हरणें मारूं नयेत म्हणून त्यांचे पुढील पाय अधू करण्याची चाल होती. तिसऱ्या हेन्रीच्या नांवें निघालेल्या १२१७ च्या वनसनदेच्या सहाव्या कलमांत ती नियमित केली आहे. तपासणी दर तीन वर्षांनीं व्हावी, अधू न केलेलें कुत्रें सांपडल्यास मालकास तीन शिलिंग दंड व्हावा, त्यापायीं कोणाचा बैल नेऊं नये, आणि पुढील पायाचीं तीन बोटें छाटावींत, परंतु 'पेलोता' वगळून. हा 'पेलोता' म्हणजे गादीच. गादी राखली तर कुत्रें दारांत बसून राखण करूं शकतें. गादी गेली तर तें उभेंही राहत नाहीं. असें असतां पुढील कांहीं कायदेकोशांनीं ह्याच शब्दाचा अर्थ 'पायाची गादी कापून काढणें' असा दिला आहे. 'वगळून' ह्या एका अव्ययाकडे दुर्लक्ष झाल्यानें दयेचें कलम क्रौर्याचें ठरलें. आमच्या मतें सनदेचा पाठच प्रमाण मानला पाहिजे.

आपल्याकडील साधनांविषयीं दोन शब्द. कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर तिसरा ह्याच्या मानसोल्लासांत (शके १०५१) मृगयेबरोबर सारमेयविनोद हें कुत्र्यांविषयींचें निराळें प्रकरण आहे, व तो ग्रंथ गायकवाड प्राच्यमालेंत छापला गेला आहे. सातारचे शाहू छत्रपति (मृत्यु १७४९) ह्यांचा शिकारीचा व कुत्र्यांचा नाद प्रसिद्धच आहे. त्यांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि संगम माहुली येथें दाखवितात. जेथें राजे शिकारी कुत्रीं पाळीत होते, तेथें त्यांचे पाय बांधणारे चाकरही होते. दख्खनचें कातळ व कुसळ हें फ्रान्सच्या खडीहून सौम्य नव्हे. तेव्हां शिकारखान्याच्या मोडी कागदांत मीठ, हिरडा, मेंदी, जुनेर असे जिन्नस कुत्र्यांच्या नांवें खर्चीं पडलेले आढळले, तर ते स्वयंपाकघरच्या यादींत चुकून आले असें समजून गाळूं नयेत. नक्कल करतांना जिनसांबरोबर 'आधीं', 'मग', 'सुकल्यावर' असे शब्द व मोजणीच्या खुणा असतील तर त्याही जशाच्या तशा उतराव्यात. पानाच्या समासांत निराळ्या हातानें कांहीं लिहिलें असल्यास तें कोणत्या ओळीसमोर आहे हेंही नमूद करावें, कारण औषध लिहिणारा व तें वापरून पाहणारा हे बहुधा दोन निराळे लोक असत.